दाह उतरेपर्यंत

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर नसीमा मुजावर यांनी दिनकर सुतारांच्या उजव्या पायाची पट्टी सोडली, तेव्हा सुतारांच्या मुलीनं, वृषालीनं, आधी तोंड फिरवलं. मग कसलाच वास येत नाही हे लक्षात आल्यावर तिनं वळून पाहिलं. तळव्यावर, बोटांच्या जरा खाली, रुपयाएवढं भोक होतं. कडा पांढुरक्या. सूज नाही, लाली नाही, पू नाही. कुणीतरी मेणाच्या पायाला गोल छिद्र पाडावं तसं ते दिसत होतं.

“किती दिवस झाले?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाच आठवडे झाले असतील,” वृषालीचे आप्पा म्हणाले. “जुन्या फळीतला खिळा घुसला. टोचलं तेवढंच. उपसून टाकला, हळद लावली. पुढं काय दुखलंच न्हाई, म्हणून इसरून गेलो. दोन आठवड्यांनी भोक दिसलं, तवा कोल्हापुरात दाखवलं.”

“किती स्वच्छ आहे,” वृषाली म्हणाली. तिला खरंच हायसं वाटलं होतं.

“हेच तर वाईट आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी अंगठ्यानं कडेला दाबलं तसं आतून राखाडी पाणी आलं. आप्पांचा चेहरा हललासुद्धा नाही. “जखम होऊन पाच आठवडे झालेत आणि शरीरातलं कुणी इथे फिरकलेलंच नाही. जंतू आत निवांत बसलेत. शेवटच्या दोन बोटांच्या हाडापर्यंत पोचलेत.”

‘निवांत’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला की सहज, वृषालीला कळलं नाही. आप्पांच्या दंडात कातडीखाली जी कुपी होती तिचं नावही निवांतच होतं. भाताच्या दाण्याहून थोडी मोठी. अंगात कुठेही दाह सुरू झाला की ती ओळखायची आणि तिथल्या तिथे औषध सोडून तो विझवायची. देशात चाळीस लाख लोकांच्या दंडात ती बसली होती. गुडघेदुखी, आमवात, दमा, साधा ताप यांनी लोक आता अंथरूण धरत नव्हते. वृषाली त्याच कंपनीच्या पुण्यातल्या निरीक्षण कक्षात काम करायची. आई गेल्यावर आप्पांच्या दंडात ती कुपी तिनंच बसवून घेतली होती, सहा वर्षांपूर्वी. त्याआधी आप्पांना गुडघ्यांमुळे दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. नंतर ते शिरोलीतल्या आपल्या शेडमध्ये पुन्हा उभे राहिले आणि ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे करू लागले. वृषालीच्या फोनवर रोज सकाळी त्यांचा आलेख यायचा. तो हिरवा असायचा. पाचही आठवडे तो हिरवाच होता.

“गोळ्या देऊन बरं नाही का होणार?” तिनं विचारलं.

“तीन आठवडे तेच केलं ना कोल्हापुरात? जंतूंना मारायचं औषध एकटं पुरत नाही, लढायला पेशी लागतात. त्या येईनात तर परवा-तेरवा मला पाय कापावा लागेल. घोट्याच्या वर.” डॉक्टर जराही आवाज न चढवता बोलत होत्या. “दुसरा एक रस्ता आहे. पण तो सोपा नाही.”

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि आप्पांसमोर बसल्या. पुढचं सगळं त्या वृषालीशी न बोलता आप्पांशीच बोलल्या.

“सुतारकाका, जखम झाली की आधी काय होतं? लाल होतं, सुजतं, गरम होतं, ठणकतं. यालाच दाह म्हणतात. रक्तातून पांढऱ्या पेशींची पहिली फौज धावत येते, जंतूंना मारते आणि एक-दोन दिवसांत स्वतःही मरते. आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो की पुढे हा दाह आपोआप विझतो, लाकडं संपली की चूल विझते तसा. पण तसं नसतं. दाह उतरवणं हे शरीराचं वेगळं काम आहे. सुरुवातीला ज्या पेशी ‘या, या’ म्हणून हाका मारत असतात, त्याच थोड्या वेळानं आपलं रसायन बदलतात. माशाच्या तेलात असते तसल्या चरबीपासून त्या नवे पदार्थ बनवायला लागतात. त्यांना रिझॉल्विन म्हणतात. ते पदार्थ सांगतात, आता नवीन कुणी येऊ नका, आणि मोठ्या भक्षक पेशींनो, तुम्ही मेलेल्यांना उचला. त्या मोठ्या पेशी मेलेल्या पेशी गिळतात आणि गिळल्यावर त्यांचा स्वभावच पालटतो. लढणं सोडून त्या बांधकामाला लागतात. नवं मांस तिथून पुढे भरतं.”

“मग माझ्यात ते का झालं न्हाई?”

“कारण सुरुवातच झाली नाही. जी यंत्रणा पहिली हाक मारते, तीच पुढे थांबायच्या खुणेचीही तयारी करते. तुमच्या दंडातली कुपी पहिल्या हाकेलाच तोंड दाबते. गुडघ्यासाठी ते ठीक आहे, तिथे दाह विनाकारण चालू असतो. पण कुपीला गुडघा आणि खिळा यातला फरक कळत नाही. सुरुवात नाही, म्हणून शेवटही नाही.”

आप्पांनी पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, “ओतकामात असंच असतंय. तापलेला रस साच्यात ओतला की त्याचा तो निवू द्यायचा. घाईनं गार केला तर वरनं गुळगुळीत दिसतंय, पर आत तडा.”

“मग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळलंय. कुपीतलं औषध बंद करायचं. दाह चढू द्यायचा. तो वळायला लागला की मी बाहेरून रिझॉल्विन देईन. आधी देऊन उपयोग नसतो, ऐकायला तिथे पेशीच नसतात. आजवर सात जणांवर केलंय. पाच जणांचे पाय वाचले.”

“दोगांचे?”

“एकाचा पाय गेला. एक बाई गेल्या.”

आप्पांनी वृषालीकडे पाहिलंच नाही. “करा,” ते म्हणाले. “आणि एक लिहून घ्या. तापात मी काय बी बडबडंन. ते ऐकायचं न्हाई.”

तसं लिहून घेतलं. त्यांनी खाली सुवाच्य अक्षरात सही केली.

वृषालीनं फोनवरून औषध बंद केलं. कुपीतलं मोजमाप मात्र चालूच राहणार होतं. कंपनीचा एक नियम तिला तोंडपाठ होता, कारण ग्राहकांना तोच ती दिवसातून दहा वेळा सांगायची. पातळी लाल रेषेवर गेली की दर चार तासांनी कुटुंबातल्या जबाबदार व्यक्तीला प्रश्न जातो: शमन सुरू करू? दहा मिनिटांत ‘नाही’ असं उत्तर आलं नाही, तर औषध आपोआप सुरू होतं. हे माणसांच्या भल्यासाठीच केलेलं होतं. नियमाचा मसुदा करणाऱ्यांत वृषालीही होती.

सोमवार गेला, मंगळवारही गेला. आप्पा खाटेवर बसून खिडकीच्या चौकटीचे सांधे कसे चुकलेत ते तिला सांगत होते. बुधवारी सकाळी त्यांनी पायाकडे बोट केलं. “ठणकालंय गं.” भोकाच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. डॉक्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी नर्सला हाक मारून ते दाखवलं.

गुरुवारी पाय घोट्यापर्यंत सुजला आणि ताप एकशे दोनवर गेला. अकरा वाजता फोनवर पहिला प्रश्न आला. वृषालीनं ‘नाही’ दाबलं. अर्ध्या तासात तिच्या वरिष्ठांचा, प्रसाद कामतांचा फोन आला.

“वृषाली, तुझे वडील इथे फलकावर लाल दिसतायत. काय चाललंय?”

तिनं सांगितलं.

“म्हणजे आपल्याच माणसानं औषध बंद केलंय? उद्या काही झालं तर काय उत्तर देणार आहोत आपण?”

“सर, निदान तो चार तासांचा प्रश्न तरी थांबवता येईल का? मला झोपता येत नाही.”

“तो कुणालाच थांबवता येत नाही. तूच तसा करून घेतला होतास.” मग ते जरा मऊ झाले. “काळजी घे. आणि वेळीच ‘हो’ म्हण.”

आप्पांची आता अन्नावरची वासना उडाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उजेड नको, बोलणं नको. पण वृषाली दाराकडे निघाली की लगेच विचारायचे, “कुठं निघालीस?” तिनं डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, डोक्यावर तर परिणाम नाही ना?

“झालाय, आणि व्हायलाच हवा,” डॉक्टर म्हणाल्या. “दाहाचा निरोप मेंदूलाही जातो. मग माणूस अंथरूण धरतो, खात नाही, आणि आपलं माणूस जवळ असावं असं त्याला वाटतं. शरीराची सगळी ताकद एका जागी लागावी म्हणून ही सोय आहे. आमच्या लहानपणी घरात कुणाला ताप आला की सगळं घर त्याच्याभोवती फिरायचं. आता कुणी आजारी पडत नाही, आणि कुणी कुणाजवळ बसतही नाही. तुम्ही पाणी बदलून पट्ट्या ठेवा. जमेल ना?”

वृषालीला जमत नव्हतं. तिनं तशी पट्टी कधी कुणाच्या कपाळावर ठेवलीच नव्हती. ओला रुमाल तिनं तसाच ठेवला आणि पाणी आप्पांच्या कानात गेलं.

“पिळ की आधी!” ते ओरडले.

ती हसली आणि हसताना तिला रडू आलं. तिनं रुमाल पिळला.

शुक्रवारी सकाळी ताप एकशे चारला टेकला. पाय पोटरीपर्यंत लाल होता. रक्तदाब खाली येत होता. डॉक्टर दर दोन तासांनी रक्त तपासत होत्या. दुपारी एकच्या सुमाराला त्या वृषालीला म्हणाल्या, “चढ पुरेपूर झालाय. पण दुसरी बाजू हलत नाही अजून, थांबायची खूण येत नाही. सहा वर्षं दाबून ठेवलंय, शरीर रस्ता विसरलं असेल. मी संध्याकाळी सहापर्यंत थांबते. तोवर वळलं नाही तर शस्त्रक्रिया.”

“आणि मी आत्ता ‘हो’ म्हटलं तर?”

“तासाभरात बरं वाटेल त्यांना. ताप उतरेल, हसून बोलतीलही. उद्या पाय कापू.”

तीन वाजायला दहा मिनिटं असताना आप्पांनी डोळे उघडले. डोळे लाल, ओठ फुटलेले.

“वृषे, चालू कर ते.”

“आप्पा, संध्याकाळपर्यंत...”

“न्हाई सोसत मला. पाय जाऊ दे. नुसतं बटण दाबायचंय न्हवं तुला?”

“तुम्हीच लिहून दिलंय, ऐकू नका म्हणून.”

“तवा कळलं न्हवतं मला!” ते कोपरावर उठायला लागले. “माझी पोरगी हाईस का त्या कंपनीची माणूस? तुझी आई गेली, तेराव्याला तू ह्ये दंडात घातलंस आणि चौदाव्याला गाडीत बसलीस. मला काय झालंय ते तुझ्या फोनला इचारायचीस. मला इचारलंस का कधी? सहा वर्षांत माझ्या घरात किती रात्री ऱ्हायलीस, सांग!”

तिनं मनात मोजलं. नऊ भरल्या. तिनं ते मोठ्यानं सांगितलं. “नऊ.”

आप्पा कोपरावरून परत उशीवर टेकले. तिनं खोटं बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

फोन वाजला. शमन सुरू करू? हिरवं ‘हो’ मोठं होतं, ‘नाही’ बारीक अक्षरांत खाली. आप्पा फोनकडे बघत होते. तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो तसे. वृषालीला त्या क्षणी वाटलं, आपण चुकतो आहोत. दुखणारा माणूस समोर थांबव म्हणतोय, आणि आपण एका कागदाचा आणि एका बाईच्या सात रुग्णांचा आधार घेऊन त्याला दुखू देतोय. तिनं ‘नाही’ दाबलं. फोन उशाखाली सरकवला आणि आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला.

“तुम्ही मला शिव्या द्या,” ती म्हणाली. “मी उठत नाही इथून.”

त्यांनी दिल्या. कोल्हापूरकडच्या, ठसठशीत, आईच्या माघारी तिनं ऐकल्याच नव्हत्या तशा. मधेच शिव्या थांबल्या आणि ते आईबद्दल बोलायला लागले. शेवटच्या दिवशी ती काय म्हणाली, कुठलं पातळ मागितलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला की काय, हे त्यांना अजून कळत नव्हतं. हे सगळं वृषाली पहिल्यांदाच ऐकत होती. बोलता बोलता ते दमून गप्प झाले. तिनं पुन्हा रुमाल भिजवला, पिळला, कपाळावर ठेवला.

साडेपाचला डॉक्टर हातात कागद घेऊन जवळजवळ धावतच आल्या. “वळलं,” त्या म्हणाल्या. “थांबायची खूण दोन तासांत तिप्पट झालीय. आता मी देते.” सलाइनच्या नळीत त्यांनी स्वतः औषध सोडलं. वृषालीनं विचारलं, लगेच ताप उतरेल का? “नाही. हे औषध काही विझवत नाही. शरीर स्वतःच ‘पुरे’ म्हणायला लागलंय, त्याचा आवाज जरा मोठा करतं, एवढंच.”

सातचा आणि अकराचा प्रश्न येऊन गेला. पहाटे तीनच्यासाठी तिनं गजर लावला आणि उठून ‘नाही’ दाबलं. सकाळी सातला मात्र प्रश्न आलाच नाही. वृषाली दचकून उठली. दहा मिनिटं उलटून गेली आणि आपण झोपून राहिलो, असंच तिला वाटलं. तिनं आप्पांना हात लावला. सदरा घामानं चिंब होता, अंग गार. आलेख लाल रेषेखाली आला होता. कुठलंही औषध न सोडता.

“चहा मिळंल का गं?” आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मात्र वास आला. पिवळा पू, रक्त, आणि त्याखाली ओलसर, दाणेदार, लालबुंद मांस. वृषालीनं या वेळी तोंड फिरवलं नाही. कडेची दोन बोटं काढावी लागली, हाड वाचलं नाही. पण पाय राहिला. पाच आठवडे ढिम्म बसलेली जखम पुढच्या तीन आठवड्यांत भरून आली.

तोवर वृषाली शिरोलीत राहिली. कुपीचं काय करायचं हे आप्पांनीच ठरवलं. “गुडघ्याला पायजेच की,” ते म्हणाले. डॉक्टरांनी वृषालीच्या मदतीनं कुपीची धार कमी केली, आणि नवीन दाह दिसला तर पहिले तीन दिवस नुसतं बघायचं, असं तिला शिकवून ठेवलं. त्या तीन दिवसांत फोनवर एक वाक्य येणार होतं: घरी कुणीतरी जवळ असावं.

पुण्याला परतल्यावर तिनं सगळ्यात आधी आप्पांची जुनी नोंद उघडली. कुपी पावलंही मोजायची. खिळा लागला त्या दिवसापासून पावलं निम्म्यावर आली होती आणि उजवं पाऊल हलकं पडत होतं. दुखत नसतानाही शरीर पाय जपत होतं. आलेख हिरवा, म्हणून पावलांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिनंसुद्धा. मग तिनं हाच शोध आपल्या विभागातल्या सगळ्यांवर लावला. दाह हिरवा आणि चाल बदललेली. तीनशे बारा नावं आली.

ती यादी घेऊन कामतांकडे गेली. त्यांनी ती नीट वाचली. “गंभीर आहे,” ते म्हणाले. “वीस तारखेला समिती बसतेय. तिथे ठेवू.”

“वीसला अजून अठरा दिवस आहेत, सर.”

“कंपनीच्या नावानं तू आज फोन करू शकत नाहीस, वृषाली.”

“माझ्या नावानं करते.”

त्यांनी समोरची दुसरी फाईल उघडली. पण त्यांनी यादी परतही मागितली नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन बसली. पहिलं नाव सासवडच्या एका आजींचं होतं, फोन पुण्यातल्या मुलाचा. अमोल झगडे.

“तुमच्या आई कशा आहेत?”

“एकदम मस्त. हिरवं आहे की सगळं. तुम्ही कोण?”

“माझं नाव वृषाली सुतार. हिरवं आहे ते मलाही दिसतंय. तुम्ही त्यांना शेवटचं कधी भेटलात?”

“हे विचारणाऱ्या तुम्ही कोण?” त्याचा आवाज चढला. “माझ्या आईला मी बघतो की नाही, हे आता तुम्ही ठरवणार?”

“नाही. माझ्या वडिलांना मी बघत नव्हते, म्हणून विचारलं. जमलं तर जाऊन या. पावलं बघा, तळवे बघा. एवढंच.”

त्यानं फोन आपटला. तिनं पुढचा नंबर लावला. त्या दिवशी नऊ फोन झाले. दोघांनी ऐकून घेतलं, चौघांनी उडवून लावलं, तिघांनी उचललाच नाही. जुन्नरच्या एका मुलीनं पाऊण तासानं उलटा फोन केला. वडिलांच्या टाचेत काच होती, महिनाभर. तिनं मिरजेच्या डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला, आणि ती इतकी रडली की वृषालीला तिला दोनदा थांबवून पत्ता सांगावा लागला.

संध्याकाळी कक्षातून निघताना पुन्हा फोन वाजला. झगडे.

“मॅडम, आलोय आईकडे,” तो म्हणाला. मागून भांड्यांचा आवाज येत होता. “दोन्ही पाय बघितले. काही नाही. चपलेचा अंगठा तुटलाय, म्हणून फरफटत चालत होती. नवीन घ्यायला बाजारात कोण जाणार म्हणे.”

“बरं झालं,” वृषाली म्हणाली. “उगाच हेलपाटा घातला तुम्हाला.”

पलीकडे भांड्यांचा आवाज लांब गेला.

“नाही, तसं नाही,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, जणू कबुली द्यावी तसं म्हणाला, “आई म्हणतेय, आलाच आहेस तर राहून जा. दुकान उघडलं की सकाळी चपला घेऊ.”